पुसलेले दोन आकडे

नागपूरच्या प्रयोगशाळेचं पाकीट रमाकांतने फोडलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बशीतला चहा अजून वाफाळत होता. बुलढाण्याच्या टेकाडावरच्या त्या लहानशा धर्मार्थ दवाखान्यात रक्त, लघवी, थुंकी तपासणारा तो एकटाच. कारकुनाची जागा दोन वर्षं रिकामी होती म्हणून टपालही त्याच्याच टेबलावर येऊन पडे. पत्र टाईप केलेलं होतं, जेमतेम पाच ओळींचं. रुग्ण पुंजाजी, वय पंचावन्न, राहणार पिंपळगाव राजा. गळ्याच्या हाडावरची जी गाठ कापून पाठवली होती तीत कॅन्सरच्या पेशी आहेत, मूळ रोग फुप्फुसाचा असावा, क्षयाची खूण गाठीत कुठेही नाही. रमाकांतने शेवटची ओळ दोनदा वाचली. मग तो उठला, कपाटातून पुंजाजीचा केसपेपर काढला आणि पहिलं पान उघडलं. तिथे तांबड्या शाईत लिहिलेलं होतं, थुंकीत क्षयाचे जंतू भरपूर आढळले. खाली तारीख मागच्या मार्चची आणि सही त्याची. अक्षर वळणदार होतं. त्याला आपल्या अक्षराचा लहानपणापासून अभिमान होता. आता ते त्याला दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं वाटलं. चहा त्याने तसाच खिडकीबाहेर ओतून दिला.

त्याला आठवावं लागलं नाही. ती दुपार त्याच्या आत कुठेतरी इतके दिवस पडूनच होती, वर येत नव्हती इतकंच. थुंकीचा पातळ थर काचेवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर लाल रंग ओतून खालून स्पिरिटच्या दिव्याने वाफ निघेतो तापवायचा, आम्लाने धुवायचा आणि शेवटी निळा रंग द्यायचा. बाकी सगळं निळं होतं. क्षयाचे जंतू तेवढे आपला लाल सोडत नाहीत. काचेच्या कोपऱ्यात नंबर कोरायचा असतो. पण कोरायची पेन्सिल बोथट होऊन महिने झाले होते, नवी मागवायची राहून गेली होती, म्हणून तो मेणाच्या पेन्सिलीने आकडे टाकी. त्या दिवशी काच जरा जास्त तापली आणि दोन काचांवरचे आकडे धुऊन गेले. चौदा आणि पंधरा. एका काचेवर निळ्यात लाल काड्यांचा खच पडलेला, दुसरी स्वच्छ. टेबलावर दोन कागद होते. एकावर पंचावन्न वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं बिडी ओढणारा, खोकल्यातून रक्त, अंगावरचं मांस उतरलेलं. दुसऱ्यावर एकवीस वर्षांची बाई, दीड महिन्याचा खोकला, बाळंतपणानंतरची अशक्तता. दोघंही दाराबाहेरच्या बाकावर बसलेली होती. रमाकांतने नुसतं दार उघडून पुन्हा थुंकी मागितली असती तरी पुरलं असतं. त्याने दार उघडलं नाही. कागदांकडे पाहिलं, आणि लाल काच म्हाताऱ्याची हे त्याला इतकं उघड वाटलं की आपण काही ठरवतो आहोत असंही वाटलं नाही.

का? गेले अकरा महिने न विचारलेला हा प्रश्न आता तो पुन्हापुन्हा स्वतःला विचारू लागला, आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी मोठं कारण सापडावं असं वाटे. बायकोशी, वासंतीशी, भांडण झालं असेल. आईचं पत्र आलं असेल. ताप असेल अंगात. काहीच नव्हतं. दीड वाजला होता आणि त्याला भूक लागली होती. वासंतीने त्या दिवशी आंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, तो पोटभर जेवला होता, आणि त्यानंतरची झोप फार छान लागली होती. ती झोप त्याला स्पष्ट आठवत होती. उठल्यावर खिडकीतून येणारा कडुलिंबाच्या मोहोराचा वास, गालावर उमटलेली चटईची नक्षी, आणि अंगभर पसरलेला विनाकारण आनंद. एका माणसाचं एवढं नुकसान करायला माणसाला निदान दुःखी तरी असायला हवं होतं, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

मोठ्या डॉक्टरांनी पत्र वाचून चष्मा काढला. रमाकांतने काचांची हकीकत सांगितली. अडखळत, पण सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत, आणि त्याला ते रागावायला हवे होते. ते म्हणाले की अशा केसमध्ये भलेभले फसतात. खोकला तोच, रक्त तेच, वजन उतरणं तेच, छातीच्या फोटोत उजव्या बाजूला वर डाग पडलेला, तोही क्षयाचा वाटावा असाच. आपल्या भागात शंभर खोकणाऱ्यांत कॅन्सर कुणाच्या मनात येतो? शिवाय कधीकधी दोन्ही रोग एकाच छातीत नांदतात, तसंही असू शकेल. नसेल असं छातीठोक कोण सांगणार? त्यांनी खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात सांगितलं की आता उकरून काही हाती लागायचं नाही, गाठ गळ्यापर्यंत आली म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली, रोग्याला रोगाचं नाव सांगू नये, फार तर बायकोला सांगावं. रमाकांत मान हलवत राहिला. डॉक्टरांनी त्याच्यासाठी एक दार अर्धं उघडून ठेवलं होतं. दोन्ही रोग एकाच छातीत. त्या वाक्याला धरून तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तिथे त्याच्या लक्षात आलं की आपला त्यावर विश्वास नाही. त्याने स्वतः पाहिलं होतं. जानेवारीत पुंजाजीच्या छातीतून सुईने पाणी काढलं आणि नळी तपासायला त्याच्याकडे आली. क्षयाचं पाणी गवताच्या काडीसारखं पिवळट असतं. हे तांबडं होतं, जुन्या विटेसारखं. त्याने रिपोर्टात रंग लिहिला होता आणि नळी धुऊन टाकली होती. त्याच्याही आधी, गणपतीच्या सुमाराला, पुंजाजी इंजेक्शनसाठी आला असताना त्याची नखं त्याला दिसली होती. बोटांची टोकं फुगून गोल झालेली, नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. पुंजाजीच त्याला हसून म्हणाला होता, की पाहा साहेब, हातातली अंगठी सैल फिरते पण बोटाच्या शेंड्यावरून निघत नाही. रमाकांतही हसला होता. नंतर आवाज बसला. आधी घोगरा, मग फाटका, मग नुसती हवा. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसू लागला, मानेच्या शिरा तटतटू लागल्या. हे सगळं त्याच्यासमोरून एकेक करून गेलं होतं, आणि एकेक करून त्याने ते जाऊ दिलं होतं, कारण तांबड्या शाईतली ती ओळ खरी धरली की बाकी सगळं तिच्यामागे आपोआप रांगेत उभं राहत होतं.

आणि पिंपळगाव राजाला त्या ओळीने काय केलं होतं तेही त्याला माहीत होतं. रुखमाबाईनेच, पुंजाजीच्या बायकोने, इंजेक्शनच्या रांगेत उभं राहून कुणाकुणाला सांगताना त्याने ऐकलं होतं. क्षय म्हटल्यावर भावकीने घर टाळलं. पुंजाजीने स्वतःच वावरात कुडाची खोपडी घातली आणि तिथे राहायला गेला. रुखमाबाई भाकरी बांधावर ठेवून वीस पावलं मागे उभी राही. सुनेला मुलगी झाली, ती त्याला लांबून, वावराच्या धुऱ्यापलीकडून दाखवली. ती रांगायला लागली तरी त्याने तिला हात लावला नव्हता. अकरा महिने. नव्वद इंजेक्शनं, कडू पुड्या, आणि ती खोपडी. रमाकांत मनाने रात्रंदिवस त्या खोपडीत राहू लागला. वासंती काही विचारी, तो हो म्हणे. जेवताना भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाई आणि त्याला वाटे, वीस पावलांवर कुणी उभं आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो पुरुषांच्या वॉर्डात गेला. गाठ कापल्यापासून पुंजाजी इथेच दाखल होता; त्याची खाट कोपऱ्यात, खिडकीपाशी, इतरांपासून पडदा लावून वेगळी ठेवलेली. तो उशीला टेकून बसला होता. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडे. रमाकांतने खाटेजवळ स्टूल ओढलं. डॉक्टरांनी सांगू नका म्हटलं होतं ते त्याला आठवत होतं, आणि आपण सांगणार आहोत ते पुंजाजीसाठी की स्वतःसाठी हे त्याला नीट कळत नव्हतं. त्याने सांगितलं. क्षय नव्हता. काचांवरचे नंबर पुसले गेले आणि मी अंदाजाने लिहिलं. दुसरा रोग आहे, छातीतली गाठ आहे, आणि तिच्यावर आमच्याकडे औषध नाही.

पुंजाजीने पहिला प्रश्न विचारला तो असा, की रमाकांतला तो आधी समजलाच नाही. आवाज म्हणजे नुसता वारा होता.

"हे लागत नाई म्हनता?"

"नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

पुंजाजीच्या सुजलेल्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू होतं हे रमाकांतला उशिरा कळलं. त्याने नातीचं नाव घेतलं, ते नीट ऐकू आलं नाही. बाहेर व्हरांड्यात रुखमाबाई बसली होती, तिला त्याने हाताने बोलावलं आणि जवळ बसायची खूण केली. रमाकांतने तिलाही समजावून सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण बसली ती पडद्याला पाठ लावून, खाटेपासून दोन हात दूर. रमाकांत उठू लागला तेव्हा पुंजाजीनेच त्याला थांबवलं.

"मनाले लावून घेऊ नका साहेब. होते मानसाच्या हातून. मीबी एका साली वावरात दुसरंच बियानं पेरलं होतं. उगवलं तवा समजलं."

त्याने डोळे मिटले. रमाकांतला वाटलं तो झोपला. छातीवरचं ओझं उतरावं तसं काही उतरलं नव्हतं, उलट माफी मिळाल्यामुळे आता कुठे तोंड लपवावं असं त्याला झालं होतं. तेवढ्यात पुंजाजीने डोळे उघडले.

"मंग थे जंतू कोनाचे होते?"

तीन दिवस रमाकांत याच दोन काचांभोवती फिरत होता आणि त्याच्या मनात फक्त एक काच होती. दुसरी त्याला दिसलीच नव्हती. की दिसली होती आणि त्याने तिच्याकडे पाठ केली होती, जशी नखांकडे केली, तांबड्या पाण्याकडे केली? पुंजाजी थांबून थांबून बोलत होता, प्रत्येक शब्दाला एक श्वास. त्या दिशी बाकड्यावर एक पोर बसली होती, हिरव्या बांगड्यांची, मांडीवर लेकरू. मले ठसका लागला तं तिनं आपल्या तांब्यातलं पानी देल्लं मले. तिचीबी थुंकी घेतली होती तुमी.

रजिस्टर कपाटाच्या खालच्या खणात होतं. चौदा, पुंजाजी. पंधरा, वच्छलाबाई भ्रतार उकंडराव, वय एकवीस, साखरखेर्डा. शेरा, जंतू आढळले नाहीत. तेच वळणदार अक्षर. पुढच्या पानांवर ते नाव पुन्हा कुठेही नव्हतं; ती परत आलीच नव्हती. यायचं कारणच काय होतं?

सकाळच्या एसटीने तो निघाला. चिखलीला गाडी बदलली. माघाचं ऊन, दोन्ही बाजूंना हरभऱ्याची सोंगणी चाललेली, बायका ओळीने वाकलेल्या. खिडकीच्या काचेवर त्याचं तोंड थरथरत होतं. तो हिशेब करत होता. एकवीस वर्षं, अकरा महिने, औषध नाही. काही जण टिकतात. तरणं अंग असलं, दूधदुभतं असलं तर दोन-दोन वर्षं टिकतात. आणि औषध आहे. पुंजाजीच्या छातीला जे लागू पडणार नव्हतं ते तिला लागू पडेल, तेच इंजेक्शन, त्याच कडू पुड्या. आज तिला गाडीत बसवून आणली तर उद्यापासून सुरू करता येईल. तो देव मानत नसे, तरी लव्हाळ्याच्या फाट्याला गाडी वळली तेव्हा त्याने मनातल्या मनात कुणाला तरी काहीतरी कबूल केलं. ती जिवंत असू दे. मी सगळ्यांसमोर सांगतो. नोकरी गेली तरी चालेल.

घर विचारायला अडचण पडली नाही. उकंडराव अंगणात तुराट्यांचे भारे बांधत होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, उन्हाने रापलेला. दवाखान्यातून आलो म्हटल्यावर त्याने घाईघाईने खाट टाकली, त्यावर घोंगडी घातली. वच्छलाबाईंची चौकशी करायला, असं रमाकांत म्हणाला. उकंडराव खाली पाहत म्हणाला, ती दिवाळीनंतर गेली. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. शेवटी शेवटी रक्त पडलं. मग त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता होती.

"लोकं म्हणत होते, हिला दूर ठेवा. पण तुमच्या दवाखान्याचा कागद होता न, थुंकी साफ हाये म्हणून. आम्ही तिला एक दिवस दूर केली नाही साहेब. माय तिला आपल्या ताटात जेवू घालायची. पोरगी तिच्याच कुशीत झोपायची."

घरातून एक म्हातारी चहा घेऊन आली. केसरबाई, उकंडरावची आई. तिच्या पदराला धरून दीड-दोन वर्षांची मुलगी, नाक वाहतं, हातापायाच्या काड्या. केसरबाईने चहा ठेवला आणि पदर तोंडाला लावून खोकली. रमाकांतने हजारो खोकले ऐकले होते. हा त्याने ओळखला. त्याचं तोंड उघडलं. आतमध्ये वाक्य तयार होतं, गाडीत शंभर वेळा घोकलेलं. पण ते जिवंत बाईसाठी तयार केलेलं वाक्य होतं. त्याने चहाचा कप उचलला. म्हणाला, घरातल्या सगळ्यांनी एकदा छाती तपासून घ्या. उकंडरावने विचारलं, काऊन साहेब, तिला तर तसलं काही नव्हतं न? रमाकांत म्हणाला, असंच, सरकारचं सांगणं आहे. आपला आवाज त्याला फार शांत, फार भरवशाचा वाटला. उकंडराव म्हणाला, हरभरा निघाला म्हणजे पाहू. मग फाट्यापर्यंत पोचवायला तो त्याच्याबरोबर चालत आला, आणि गाडी येईपर्यंत थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाकांत वॉर्डात गेला तेव्हा पुंजाजीच्या ओठांवर निळसर झाक आली होती. रुखमाबाई स्टुलावर बसली होती, आज जरा जवळ. पुंजाजीने तिच्याकडे पाहिलं, ती उठून बाहेर गेली.

"सापडली?"

"घर सापडलं. ती दिवाळीनंतर गेली."

पुंजाजी छताकडे पाहू लागला. त्याच्या गळ्यावरच्या कापलेल्या जागेची पट्टी श्वासागणिक वरखाली होत होती. खिडकीबाहेर कुणीतरी हौदावर बादली आदळत होतं.

"घरच्याइले सांगतलं?"

"नाही."

"लेकरू होतं तिले."

"आहे. आजीजवळ असतं." रमाकांत थांबला. "आजी खोकते."

पुंजाजीने मान वळवायला वेळ घेतला. त्याच्या नजरेत राग नव्हता. कालपर्यंत त्या नजरेत आपल्याविषयी जे काही होतं ते मात्र आता नाही, एवढं रमाकांतला दिसलं. इतके महिने तो त्याला साहेब म्हणत आला होता.

"मंग जाय," तो म्हणाला.

त्याने तोंड खिडकीकडे केलं. रमाकांत थोडा वेळ तिथेच उभा राहिला. आणखी काहीतरी म्हटलं जाईल, निदान शिवी तरी दिली जाईल, असं त्याला वाटत होतं. मग तो खाली आला, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर रजेचा कागद ठेवला, त्याखाली सगळी हकीकत लिहून सही केलेला दुसरा कागद ठेवला आणि गाडीतळाकडे चालू लागला.

उकंडराव गोठ्यापाशी दावं वळत होता. रमाकांतला पाहून त्याला नवल वाटलं, काही राहिलं होतं का म्हणून त्याने विचारलं आणि खाट टाकली. रमाकांत बसला नाही. उभ्यानेच बोलू लागला. दोन काचा होत्या इथून सुरुवात केली, बाक सांगितलं, भूक सांगितली, कागद कुणाच्या हाताने लिहिला ते सांगितलं. वच्छलाबाईचं नाव घेतानाही तो थांबला नाही, कारण थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे त्याला कालच कळलं होतं. मुलीचं सांगितलं, केसरबाईचं सांगितलं, औषध आहे तेही सांगितलं. उकंडरावच्या हातातलं दावं वळायचं थांबलं. त्याने ते जमिनीवर ठेवलं, आणि रमाकांतकडे पाठ करून गोठ्याच्या खांबाला डोकं लावून उभा राहिला. त्याच्या पाठीचं हाड सदऱ्यातून दिसत होतं. तो मारायला आला असता तर रमाकांतने हात आडवा केला नसता. तो आला नाही.

केसरबाई दाराच्या चौकटीत उभी होती. तिने केव्हापासून ऐकलं ते समजायला मार्ग नव्हता. ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, पेटीचं झाकण आपटलं. बाहेर आली तेव्हा मुलगी तिच्या कडेवर होती आणि दुसऱ्या हातात लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं. तिने रमाकांतच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याच्या बाजूने अंगण ओलांडून रस्त्याशी गेली, तिथे खोकल्याची उबळ आली म्हणून थांबली, मुलीचं तोंड स्वतःपासून दुसरीकडे फिरवलं.

"गाडी कितीला हाये?" तिने विचारलं.